बसलेली घडी विस्कटू नये म्हणून

व्यापारात माल किती आहे हे चोपडीवरून कळते. तो कोठे आहे हे मात्र हाताला ठाऊक असावे लागते. किराणा-भुसाराच्या जुन्या दुकानात गिऱ्हाइकाने ओवा मागितला, तर मालकाची नजर गिऱ्हाइकावर असते आणि हात आपसूक फळीवरच्या नेमक्या डब्यावर जातो. खिळ्यांच्या छपाईच्या काळात जुळारीही असेच काम करी. घराघरांच्या पेटीतून अचूक अक्षर उचलताना त्याला घरावरची खूण वाचावी लागत नसे. अशी घडी बसायला महिने लागतात, आणि एकदा बसली की ती आहे हेही ध्यानात राहत नाही. ध्यानात येते ते विस्कटल्यावर. डबा एकही हरवलेला नसतो. पण त्यांची अदलाबदल झाली की मुरलेला दुकानदारही नवख्या नोकरासारखा चाचपडू लागतो.

खिशातल्या फोनची गोष्ट याहून निराळी नाही. पेढीवर बसणाऱ्या माणसाच्या फोनचे पहिले पान म्हणजे आज त्याचा गल्ला, त्याची चोपडी आणि त्याची टपालपेटी. बँकेचे अ‍ॅप एका कोपऱ्यात, यूपीआयचे त्याच्या शेजारी, ग्राहकांशी बोलण्याचे व्हॉट्सअ‍ॅप बिझनेस तळाच्या ओळीत, जीएसटी आणि ई-वे बिलाची कामे एका फोल्डरमध्ये, वाहतूकदारांची अ‍ॅपे दुसऱ्या फोल्डरमध्ये. ही रचना कोणी एका दिवसात केलेली नसते. रोजच्या वापरातून ती हळूहळू बसत गेलेली असते, आणि अंगठा तिच्यावर डोळे मिटून विसंबतो.

फोन बदलला किंवा बिघडलेला फोन दुरुस्त होऊन कोरा परत आला, की या घडीची परीक्षा होते. बॅकअप घेतलेला असतो, तो रिस्टोअरही होतो. छायाचित्रे येतात, दूरध्वनी क्रमांक येतात, अ‍ॅपेही येतात. पण पुष्कळदा ती वर्णक्रमाने चार पानांवर पसरलेली असतात आणि फोल्डर नाहीसे झालेले असतात. सगळे आले, पण सापडत काहीच नाही, अशी ती अवस्था. तरुणांना हा अर्ध्या तासाचा वैताग वाटतो. घरातल्या ज्येष्ठांच्या बाबतीत मात्र तो तेवढ्यावर थांबत नाही. बँकेचे अ‍ॅप सापडेना म्हणून त्यांचा फोन नोकराच्या, शेजाऱ्याच्या किंवा दुकानात आलेल्या ओळखीच्या माणसाच्या हाती जातो आणि त्याच्याबरोबर कधी पिनही सांगितला जातो. विस्कटलेल्या मांडणीची खरी किंमत येथे मोजली जाते. म्हणून फोन बदलताना मालाबरोबर मांडणीही कशी न्यावी, हे प्रत्येक कुटुंबाने समजून घेण्याजोगे आहे.

माल वेगळा, मांडणी वेगळी

बॅकअप म्हणजे फोनची हुबेहूब प्रतिलिपी, असा सर्वसाधारण समज आहे. तो पुरता खरा नाही. आयफोनच्या बॅकअपमध्ये अ‍ॅपची स्वतःची प्रत साठवली जात नाही. साठवली जाते ती अ‍ॅपमधील माहिती, फोनच्या सेटिंग्ज आणि होम स्क्रीनची रचना. कोणते अ‍ॅप कोणत्या पानावर, कोणत्या जागी, कोणत्या फोल्डरमध्ये, याची ती एक यादीच असते. रिस्टोअर करताना फोन आधी ही यादी वाचतो, त्याप्रमाणे जागा राखून ठेवतो, आणि मग अ‍ॅप स्टोअरवरून एकेक अ‍ॅप नव्याने उतरवून घेतो. म्हणूनच रिस्टोअर चालू असताना पडद्यावर फिकट, करड्या चिन्हांच्या ओळी दिसतात. ती चिन्हे म्हणजे जागेवर टाकलेला रुमाल. माणूस अजून यायचा असतो.

ही पद्धत समजली की मांडणी का मोडते याचाही उलगडा होतो. यादी जुनी असेल, तर मांडणीही जुनी येते. यादीतले अ‍ॅप स्टोअरमध्ये उरलेच नसेल, तर त्याची जागा रिकामी पडते. माल उतरत असतानाच कोणी चिन्हे हलवू लागले, तर राखलेल्या जागांचा हिशेब चुकतो. आणि यादीच वाचली गेली नाही, म्हणजे रिस्टोअर न करता अ‍ॅपे हाताने एकेक उतरवून घेतली, तर मांडणी येण्याचा प्रश्नच उरत नाही.

संगणकावरची सोय कशी आली, कशी गेली

पहिला आयफोन २००७ साली आला, तेव्हा त्याच्या पडद्यावरची चिन्हे हलवताही येत नसत. ती मुभा जानेवारी २००८ मध्ये एका सुधारित आवृत्तीबरोबर मिळाली. त्याच वर्षी जुलैमध्ये अ‍ॅप स्टोअर सुरू झाले आणि चिन्हांची गर्दी वाढू लागली. २००९ मध्ये आलेल्या आयट्यून्स ९ ने एक मोठी सोय केली. फोन संगणकाला जोडून, मोठ्या पडद्यावर माउसने सगळी पाने एकदम मांडता येऊ लागली. २०१० मध्ये फोल्डर आले. पुढच्या वर्षी आयक्लाउड आले आणि बॅकअपसाठी संगणक लागेनासा झाला.

अनेकांना संगणकावरच्या त्या मांडणीची सवय झाली होती. रिस्टोअरनंतर काही विस्कटलेच, तर दहा मिनिटांत सगळे सरळ करता येई. सप्टेंबर २०१७ मध्ये आयट्यून्सची १२.७ ही आवृत्ती आली आणि तिच्यातून अ‍ॅप स्टोअर व अ‍ॅपांची मांडणी हे दोन्ही भाग काढून टाकण्यात आले. तेव्हापासून सर्वसामान्य वापरकर्त्याला चिन्हे हलवायची ती फोनवरच, बोटाने. मॅक संगणकावर चालणाऱ्या अ‍ॅपल कॉन्फिगरेटर या साधनात मांडणी बदलण्याची सोय आहे. पण ते साधन मुळात शाळा-कचेऱ्यांतील पुष्कळ फोन एकत्र सांभाळणाऱ्यांसाठी घडवलेले आहे. घरगुती माणसाला त्याचा सराव नसतो. मांडणी दुरुस्त करणे असे कष्टाचे झाले, म्हणून ती मुळातच मोडू न देण्याचे महत्त्व वाढले.

२०२० मध्ये आयओएस १४ बरोबर अ‍ॅप लायब्ररी आली. शेवटच्या पानाच्या पलीकडे सारी अ‍ॅपे आपोआप गटवारीने लावलेली दिसतात. ही गटवारी फोन स्वतः करतो. वापरणाऱ्याला ती बदलता येत नाही. हरवलेले अ‍ॅप शोधायला ती उपयोगी पडते, पण स्वतःच्या हाताने बसवलेल्या घडीची जागा ती घेऊ शकत नाही.

आयफोनची रीत

आयफोनवरून आयफोनवर जाताना मांडणी सहसा जशीच्या तशी येते, मात्र काही पथ्ये पाळावी लागतात.

पहिले पथ्य ताज्या बॅकअपचे. फोन चार्जिंगला लावलेला, पडदा बंद आणि वाय-फाय चालू असेल, तेव्हा आयक्लाउडचा बॅकअप आपोआप होतो. पण मोफत जागा केवळ ५ जीबी मिळते. ती भरली की बॅकअप गुपचूप थांबतो, आणि महिनोन्‌महिने कोणाच्या लक्षातही येत नाही. तेव्हा फोन बदलण्याआधी सेटिंग्जमध्ये स्वतःच्या नावावर, तेथून आयक्लाउडमध्ये आणि मग आयक्लाउड बॅकअपमध्ये जाऊन शेवटच्या बॅकअपची तारीख पाहावी, आणि 'बॅक अप नाऊ' दाबून नवा बॅकअप घ्यावा.

जागा अपुरी असेल तर तात्पुरता मार्गही आहे. सेटिंग्जमधील 'जनरल' या भागात, अगदी तळाशी, 'ट्रान्सफर ऑर रिसेट आयफोन' असे असते. तेथे नव्या आयफोनची तयारी करण्याचा पर्याय निवडला, तर बॅकअपपुरती जादा जागा विनामूल्य मिळते. असा बॅकअप २१ दिवसांच्या आत नव्या फोनवर उतरवून घ्यावा लागतो.

दोन्ही फोन हाताशी असतील, तर ते शेजारी ठेवून थेट स्थलांतर करणे हा सर्वांत सोयीचा मार्ग. दोन्ही चार्जिंगला लावावेत आणि काम पूर्ण होईपर्यंत उचलू नयेत.

तिसरा मार्ग संगणकावरील बॅकअपचा. मॅकवर फाइंडरमधून आणि विंडोजवर आयट्यून्स किंवा अ‍ॅपलच्या नव्या साधनातून तो घेता येतो. येथे बॅकअपला पासवर्ड लावून तो कुलूपबंद करण्याचा पर्याय निवडावा; म्हणजे साठवलेले पासवर्ड आणि आरोग्यविषयक माहितीही त्यात येते. तो पासवर्ड मात्र चोपडीत जपून लिहून ठेवावा. विसरला तर त्या बॅकअपचा उपयोग उरत नाही. मॅकवर असा बॅकअप 'अर्काइव्ह' करूनही ठेवता येतो, म्हणजे पुढचा बॅकअप त्याच्यावर लिहिला जात नाही. मांडणी उत्तम बसलेली असतानाचा एक बॅकअप असा बाजूला ठेवणे म्हणजे जुन्या चोपड्या बासनात बांधून ठेवण्यासारखे आहे.

एक मर्यादा येथे ध्यानात घ्यावी. बॅकअपमधून केवळ मांडणी वेगळी काढून फोनवर बसवता येत नाही. आयक्लाउडचा बॅकअप रिस्टोअर करायचा, तर फोन आधी पूर्ण कोरा करावा लागतो. येते ते सगळे, नाही तर काहीच नाही. म्हणून नव्या फोनवर आठवडाभर व्यवहार झाल्यानंतर जुन्या मांडणीच्या मोहाने पुन्हा रिस्टोअर करू नये. त्या आठवड्यातली माहिती त्यात पुसली जाऊ शकते. आणि 'रिसेट होम स्क्रीन लेआउट' हा पर्याय जुनी मांडणी परत आणतो, असा नावावरून होणारा समज चुकीचा आहे. तो फोन कारखान्यातून आला तेव्हाची रचना आणतो आणि केलेले सगळे फोल्डर मोडतो.

अँड्रॉइडची रीत

अँड्रॉइडचा कारभार अधिक विखुरलेला आहे. येथे होम स्क्रीन सांभाळणारा जो भाग असतो त्याला लाँचर म्हणतात, आणि बहुतेक कंपन्यांचा लाँचर आपापला असतो. गूगलचा बॅकअप अ‍ॅपांची यादी, त्यांतील काही माहिती, संपर्क, संदेश आणि सेटिंग्ज जपतो. मांडणी किती जपली जाईल हे त्या लाँचरवर अवलंबून राहते. त्यामुळे एकाच कंपनीच्या जुन्या फोनवरून नव्या फोनवर जाताना त्या कंपनीचेच स्थलांतराचे साधन वापरणे श्रेयस्कर. सॅमसंगच्या गॅलेक्सी फोनांसाठी स्मार्ट स्विच हे साधन आहे आणि ते होम स्क्रीनची रचनाही सोबत नेते.

कंपनी बदलली की मांडणी येईल अशी आशा धरू नये. अँड्रॉइडवरून आयफोनवर किंवा आयफोनवरून अँड्रॉइडवर जाताना तर ती येतच नाही. संपर्क, संदेश, छायाचित्रे येतात, पण पाने नव्याने लावावी लागतात. वरचेवर कंपनी बदलणाऱ्यांनी हवे तर नोव्हासारखा स्वतंत्र लाँचर वापरावा. त्यात केवळ मांडणीचा बॅकअप एका लहानशा फाइलमध्ये काढता येतो. ती फाइल ईमेलवर किंवा ड्राइव्हवर ठेवली, की नव्या फोनवर तोच लाँचर घेऊन मांडणी परत बसवता येते. विजेट मात्र पुष्कळदा पुन्हा ठेवावे लागतात.

अँड्रॉइडवरील बॅकअपला मुदतही असते. फोन सलग ५७ दिवस वापरात नसेल, तर गूगलवरील त्याचा बॅकअप पुसला जातो. आयक्लाउडचा बॅकअप वापरणे थांबवल्यास शेवटची प्रत १८० दिवस राहते. दुरुस्तीला दिलेला किंवा कपाटात पडलेला फोन आपली माहिती कायमची जपून ठेवील, या भरवशावर राहणे म्हणूनच धोक्याचे.

घडी मोडण्याची नेहमीची कारणे

सगळी पथ्ये पाळूनही कधी मांडणी बिघडते. त्यामागची कारणे बहुधा ठरावीक असतात.

पहिले कारण, अ‍ॅपच स्टोअरमधून गेलेले असणे. २९ जून २०२० रोजी भारत सरकारने ५९ अ‍ॅपांवर बंदी घातली. त्यांत टिकटॉक तर होतेच. पण बिले आणि कागदपत्रे स्कॅन करण्यासाठी असंख्य दुकानांत वापरले जाणारे कॅमस्कॅनर आणि फाइली पाठवण्याचे शेअरइट हीही होती. अशी अ‍ॅपे स्टोअरवरून गेली, की नव्या फोनवर कोणत्याही बॅकअपने ती परत येत नाहीत. अ‍ॅपमध्येच अडकलेले कागद म्हणूनच वेळीच बाहेर काढून ठेवावे लागतात. फोनमध्ये स्टोअरवर न मिळणारे एखादे जुने अ‍ॅप अजून चालत असेल, तर फोन बदलण्याआधी त्यातील माहिती पीडीएफ किंवा एक्सेल रूपात काढून घ्यावी.

दुसरे कारण, एका घरात अनेकांची खाती मिसळलेली असणे. व्यापारी कुटुंबात वडिलांचा फोन मुलाने सुरू करून दिलेला असतो आणि काही अ‍ॅपे मुलाच्या अ‍ॅपल आयडीवर घेतलेली असतात. रिस्टोअर करताना फोन त्या दुसऱ्या खात्याचा पासवर्ड मागतो. घाईत तो टप्पा वगळला, की तेवढी अ‍ॅपे उतरत नाहीत आणि फोल्डर अर्धवट राहतात. कोणती अ‍ॅपे कोणाच्या खात्यावर आहेत, याची नोंद घरात असावी.

तिसरे कारण आवृत्तीचे. नव्या आवृत्तीवर घेतलेला बॅकअप जुन्या आवृत्तीच्या फोनवर उतरत नाही. हा नियम आयफोनला लागू आहे तसा अँड्रॉइडलाही. दुकानातून आणलेला नवा फोन पेटीत काही महिने पडून असतो. त्याची आवृत्ती हातातल्या जुन्या फोनपेक्षा मागची असू शकते. अशा वेळी तो आधी अद्ययावत करावा आणि मगच रिस्टोअर करावे.

चौथे कारण पडद्याच्या आकाराचे. लहान पडद्यावर ओळी कमी बसतात, मोठ्यावर अधिक. अँड्रॉइडमध्ये चार-पाच किंवा पाच-सहा अशी चौकटींची संख्या ठरवता येते. ती दोन्ही फोनांवर सारखी नसेल, तर चिन्हे आपल्या जागेवरून सरकतात. जुन्या फोनवर ही संख्या पाहून नव्या फोनवर तीच ठेवावी.

आणि पाचवे, सर्वांत नेहमीचे कारण म्हणजे घाई. चिन्हे करडी असतानाच ती उचलून लावायला सुरुवात करणे, वाय-फायच्या कक्षेबाहेर जाणे, चार्जिंग काढणे. शंभराहून अधिक अ‍ॅपे असतील, तर ती सारी उतरायला कित्येक तास लागू शकतात. तोवर एखादे अ‍ॅप तातडीने हवे असेल, तर आयफोनवर त्याच्या चिन्हावर बोट दाबून धरून ते आधी उतरवण्याचा पर्याय निवडता येतो. बाकीच्यांना आपल्या क्रमाने येऊ द्यावे.

चिन्ह आले, चावी आली का?

मांडणी जशीच्या तशी दिसली म्हणून काम संपले असे होत नाही. दुकानाची पाटी जुन्या जागी आहे, पण कुलपाची चावी आली की नाही, हेही पाहावे लागते. बँकांची अ‍ॅपे सुरक्षेसाठी आपली माहिती बॅकअपमध्ये जाऊ देत नाहीत. यूपीआयचे अ‍ॅप तर सिमकार्ड आणि फोन या दोघांशी बांधलेले असते. नव्या फोनवर ते उघडले, की बँकेत नोंदवलेल्या क्रमांकाच्या सिममधून एक संदेश जातो आणि ओळख पटल्यावरच खाते पुन्हा जोडले जाते. तेव्हा ते सिम नव्या फोनमध्ये असणे, त्यात संदेश पाठवण्यापुरते पैसे असणे आणि यूपीआय पिन आठवणीत असणे आवश्यक आहे.

व्हॉट्सअ‍ॅपचा बॅकअप फोनच्या बॅकअपपेक्षा वेगळा असतो, आणि साधे व्हॉट्सअ‍ॅप व व्हॉट्सअ‍ॅप बिझनेस यांचेही बॅकअप एकमेकांपासून वेगळे असतात. दोन्ही वापरणाऱ्या दुकानदाराने दोन्हींचे बॅकअप स्वतंत्रपणे घ्यावेत. एन्क्रिप्शनचा पासवर्ड लावला असेल, तर त्याची नोंद हवी. तो हरवला तर संभाषणे उघडण्याचा मार्ग राहत नाही.

खात्यांना दुहेरी कुलूप लावण्यासाठी जी ऑथेंटिकेटर अ‍ॅपे वापरली जातात, त्यांच्याबाबत विशेष दक्षता घ्यावी. गूगल ऑथेंटिकेटरमध्ये २०२३ पासून खात्याशी जोडून संकेतांक जपण्याची सोय आली. ती चालू केलेली नसेल, तर जुन्या फोनवरून क्यूआर कोडने ते नव्या फोनवर हलवावे लागतात. जुना फोन हातचा गेला असेल, तर चिन्ह येते, पण आत काहीच नसते.

फोन बदलण्याचा दिवस

पाडवा, दसरा, धनत्रयोदशी या मुहूर्तांवर नवा फोन घेण्याची प्रथा आहे. मुहूर्तावर फोन घरी आणावा. पण स्थलांतराचा दिवस व्यवहाराकडे पाहून ठरवावा. दरमहा विवरणपत्र भरणाऱ्यांच्या दृष्टीने ११ तारखेची जीएसटीआर-१ आणि २० तारखेची जीएसटीआर-३बी यांच्या आसपासचे दिवस टाळावेत. दुकान बंद असण्याचा वार किंवा रात्रीची वेळ उत्तम.

त्याआधी एक काम करावे, आणि ते अगदी साधे आहे. होम स्क्रीनच्या प्रत्येक पानाचे आणि प्रत्येक उघडलेल्या फोल्डरचे स्क्रीनशॉट काढावेत. आयफोनवर बाजूचे बटन आणि आवाज वाढवण्याचे बटन एकत्र दाबून, तर बहुतेक अँड्रॉइड फोनांवर पॉवर आणि आवाज कमी करण्याचे बटन एकत्र दाबून ते निघतात. हे स्क्रीनशॉट त्याच फोनमध्ये ठेवून उपयोग नाही. ते घरातल्या दुसऱ्या माणसाच्या फोनवर पाठवावेत किंवा छापून चोपडीत ठेवावेत. कोणताही बॅकअप फसला, कंपनी बदलली, फोन पाण्यात पडला, तरी हा नकाशा हाती राहतो आणि अर्ध्या तासात पाने पूर्ववत लागतात. तंत्राच्या सगळ्या मार्गांत हाच एक असा आहे, की जो कोणत्याही फोनवर चालतो.

ऑनलाइन अदलाबदलीच्या योजनेत एक अडचण लपलेली असते. नवा फोन देणारा माणूस दारातच जुना फोन घेऊन जातो. दोन्ही फोन शेजारी ठेवून स्थलांतर करायला वेळच मिळत नाही. अशा वेळी बॅकअप, स्क्रीनशॉट आणि ऑथेंटिकेटरचे स्थलांतर आदल्या दिवशीच उरकायला हवे. शक्य असेल, तर अदलाबदलीचे काहीशे रुपये सोडून जुना फोन आठवडाभर जवळ ठेवणे अधिक शहाणपणाचे. बँक, यूपीआय, व्हॉट्सअ‍ॅप, ऑथेंटिकेटर आणि हिशेबाचे अ‍ॅप, ही पाचही उघडून प्रत्येकात एक खरे काम पार पडले, की मगच जुना फोन कोरा करावा आणि दुसऱ्याच्या हाती द्यावा.

ज्येष्ठांच्या फोनची काळजी

घरातल्या वडीलधाऱ्यांच्या फोनवर अ‍ॅपे थोडी असतात, पण त्यांचा स्थानावरचा भरवसा सर्वांत मोठा असतो. चिन्हाखालचे इंग्रजी नाव त्यांनी कधी वाचलेले नसते. हिरवे चिन्ह खाली उजवीकडे म्हणजे मुलीशी बोलणे, निळे वर डावीकडे म्हणजे पासबुक, मधले केशरी म्हणजे पंचांग. कंपनीने एखाद्या अ‍ॅपचा रंग बदलला, तरी त्यांना जागा आठवते. पण जागाच बदलली, तर त्यांचे सारे ज्ञान एका रात्रीत कुचकामी ठरते. ज्या आजींनी वर्षभराच्या सरावाने वीजबिल स्वतः भरायला सुरुवात केली होती, त्या पुन्हा नातवाच्या सवडीची वाट पाहू लागतात. संकोचामुळे त्या तक्रारही करीत नाहीत. फक्त फोन वापरणे कमी करतात.

म्हणून ज्येष्ठांचा फोन बदलताना त्यांना शेजारी बसवून घ्यावे. जुना फोन समोर ठेवून नव्यावर तीच चिन्हे त्याच जागी आहेत ना, हे त्यांच्याच बोटाने तपासून घ्यावे. 'ही मांडणी चुकीची आहे, अशी लावली तर सोपे जाईल' असे म्हणत तरुणांनी सुधारणा करू नये. कोणाच्या हाताला कोणती जागा सोयीची, हे त्या हातालाच ठाऊक असते. सॅमसंगसह काही कंपन्यांच्या फोनमध्ये होम स्क्रीनच्या सेटिंगमध्ये मांडणी कुलूपबंद करण्याचा पर्याय असतो. तो चालू केला, की चुकून बोट दाबले जाऊन चिन्ह हलण्याचा किंवा नाहीसे होण्याचा धोका टळतो. आयफोनवर नवी अ‍ॅपे केवळ अ‍ॅप लायब्ररीत उतरावीत, होम स्क्रीनवर येऊ नयेत, असे ठरवता येते. त्यामुळे बसलेल्या पानांत परकी चिन्हे शिरत नाहीत.

फोन दोन-चार वर्षांनी बदलतच राहणार. कंपन्या बॅकअपच्या पद्धती बदलतील, सोयी देतील आणि काढूनही घेतील, हे आयट्यून्सच्या इतिहासावरून दिसतेच. त्या बदलांवर कुटुंबाचा ताबा नाही. पण स्वतःच्या रचनेची नोंद ठेवणे कुटुंबाच्या हातात आहे. दर दिवाळीला चोपडीपूजनाच्या सुमारास घरातल्या प्रत्येक फोनच्या पानांचे स्क्रीनशॉट काढावेत, बॅकअपची तारीख पाहावी आणि कोणत्या खात्याचा पासवर्ड कोणाकडे आहे याची एक चिठ्ठी तिजोरीत ठेवावी. एवढ्या तासाभराच्या कामाने कोणाही ज्येष्ठाला आपला फोन आणि आपला पिन परक्याच्या हाती देण्याची वेळ येणार नाही.